आठपैलू नटाच्या पलीकडे

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गर्दी जमते ती बॉनेटपाशी. मी मात्र मागच्या चाकाजवळ उकिडवा बसतो आणि ड्रमच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ आलाय का ते पाहतो. समोर मॉरिस मायनर असेल, तर हटकून पाहतो. त्या ओघळामागे एक कागदी पॅकिंग आणि इंचाचा हजारावा भाग यांचं नातं असतं, आणि इंजिनापेक्षा मला तेच जास्त भुरळ घालतं.

गाडीची ओळख दोन ओळींत उरकतो. ॲलेक इसिगोनिस यांनी घडवलेली मायनर ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. त्याआधी नमुन्याची गाडी मधोमध कापून चार इंच रुंद केली होती, म्हणून बॉनेटवर तो उभा पट्टा दिसतो. दहा लाखांचा पल्ला गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने तिला ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून आणलं.

आता चाकाकडे. मायनर १००० चा मागचा ॲक्सल ‘थ्री-क्वार्टर फ्लोटिंग’ जातीचा. सेमी-फ्लोटिंगमध्ये गाडीचं वजन थेट हाफ-शाफ्टवर येतं. फुल-फ्लोटिंगमध्ये, म्हणजे बहुतेक ट्रकमध्ये, हबला दोन बेअरिंगं असतात आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. मायनरने मधला रस्ता धरला. हब एकाच बॉल बेअरिंगवर हौसिंगच्या टोकाला बसतो, वजन हौसिंग पेलतं, पण चाक सरळ धरून ठेवण्याचं काम शाफ्टच्या फ्लँजकडे राहतं. कमी खर्चात केलेली इतकी देखणी तडजोड मी दुसरी पाहिलेली नाही.

काम सुरू करताना पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावायचे. हँडब्रेक मागच्याच चाकांवर लागतो आणि ड्रम निघण्यासाठी तो सोडावाच लागतो, त्यामुळे ठोकळ्यांशिवाय गाडीला आधार नाही. गाडी स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्याला मी हाताला धरून बाहेर काढतो. ज्या बाजूचं काम, ती बाजू जरा जास्त उचलली की हौसिंगमधलं तेल पलीकडे सरतं. चाक काढलं की ड्रमचे दोन स्क्रू, मग ड्रम, मग फ्लँजवरचा एकुलता स्क्रू. फ्लँज धरून हाफ-शाफ्ट सरळ बाहेर ओढला की हबच्या पोटात दिसतो तो आठपैलू नट.

या नटाने किती छिन्न्या खाल्ल्या असतील! नेहमीच्या पान्यांत आठ पैलूंचा पाना नसतो, म्हणून लोक छिन्नी लावून ठोकतात आणि त्याचे कोपरे कायमचे जातात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी या नटाचा पाना बनवून घेतला. लेथवाल्या वस्तादांनी नट हातात घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाले, “सायेब, ह्यो डाव्या अंगाचा दिसतोय. आटे उलटे हाईत बघा.” न सांगता ओळखलं त्यांनी. डाव्या बाजूचा नट उलट आट्यांचा, उजवीकडचा सरळ. बेअरिंगची आतली रिंग हौसिंगवर स्थिर असते, पण फिरणारा हब तिला घर्षणाने आपल्याबरोबर ओढू पाहतो. गाडी पुढे जाताना डावीकडून पाहिलं तर डावं चाक घड्याळाच्या उलट फिरतं. उलट आट्यांचा नट त्या ओढीने सैल न होता आवळतोच. शिवाय नटाखालच्या वॉशरचा कान दुमडलेला असतो. तो आधी सरळ करायचा, मगच पाना लावायचा.

नट निघाला की पुलरने हब ओढायचा. बेअरिंग आणि सील त्याच्याबरोबरच येतात. हबच्या कडेवर हातोडी मारू नये. सील मात्र दर वेळी नवं. त्याची किंमत किरकोळ, आणि ते गळलं तर तेल थेट ब्रेकच्या लायनरवर जातं.

आणि आता माझा लाडका भाग. नवं बेअरिंग हबमध्ये बसवलं की त्याच्यापुढे स्पेसर येतो. या स्पेसरचं तोंड हबच्या तोंडापेक्षा इंचाच्या एक ते चार हजारांश, म्हणजे ०.०२५ ते ०.१ मिलिमीटर, पुढे राहायला हवं. तेवढ्या फरकामुळेच शाफ्टची फ्लँज स्पेसरला दाबते, आणि बेअरिंगची बाहेरची रिंग हबचा खांदा आणि फ्लँज यांच्यामध्ये घट्ट धरली जाते. हब आणि फ्लँजमधलं कागदी पॅकिंग तेल अडवतं. गळती दिसली की पुष्कळ मेकॅनिक कार्डबोर्डचं जाड पॅकिंग कापतात, वर सोल्युशन थापतात. गळती आठवडाभर थांबते, पण फ्लँज स्पेसरपर्यंत पोचत नाही, रिंग हबमध्ये सरकू लागते, हबचं भोक झिजतं, आणि मग नवं बेअरिंगही तिथे टिकत नाही. हे मी अनेक गाड्यांत पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण योग्य जाडीचं पॅकिंग मिळवणं अवघड नाही. सपाट पट्टी आणि फीलर गेज घेऊन दोन मिनिटं मोजलं, तर हब वाचतो.

जोडताना वॉशरचा नवा कान नटाच्या पैलूवर दुमडायचा. गाडी सपाट जागी आणून डिफरन्शियलमध्ये ९० नंबरचं हायपॉइड तेल भरणीच्या भोकाच्या काठापर्यंत भरायचं. त्याहून जास्त भरलं तर ते पुन्हा सीलकडेच धाव घेतं. एक फेरी मारून आलं की ड्रमवर तळहात ठेवून पाहावा: एक ड्रम दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला, तर त्या बाजूचा ब्रेक किंवा बेअरिंग पुन्हा तपासायचं.