यीस्टचे कवच फोडणारा जिवाणू

पाव, बिअर आणि मद्यार्क या तिन्ही उद्योगांचा आधार म्हणजे यीस्ट. मात्र आंबवण्याचे काम संपले, की हाच उपयुक्त जीव सांडपाण्यात उरतो. असे पाणी प्रक्रियेविना नदीत सोडल्यास त्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मळीमिश्रित पाण्याने मासे मृत्युमुखी पडतात, त्यामागील प्रमुख कारण हेच.

यीस्टची पेशी सहजी कुजत नाही, कारण तिची भित्तिका चिवट असते. बाहेर मॅनोप्रथिनांचा थर, आत ग्लुकन या बहुशर्करेचे जाळे आणि थोडे कायटिन अशी तिची रचना असते. ती भेदण्यासाठी प्रथिने तोडणारी आणि ग्लुकन तोडणारी, अशी दोन्ही प्रकारची विकरे लागतात.

१९६९ मध्ये जपानी संशोधकांनी बिअर कारखान्याच्या सांडपाण्यातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचे वर्णन केले आणि त्याला 'आर्थ्रोबॅक्टर ल्युटिअस' असे नाव दिले. मेलेले यीस्ट हेच त्याचे खाद्य. त्याच्यापासून मिळवलेले 'झायमोलायेज' हे विकर आज जगभरच्या प्रयोगशाळांत यीस्टची भित्तिका विरघळवण्यासाठी वापरतात. याच जिवाणूच्या दुसऱ्या एका विकरावरून मानवी जनुकसंचाचा सुमारे १० टक्के भाग व्यापणाऱ्या 'अलू' घटकांना नाव मिळाले.

प्रक्रिया केंद्रात मात्र एकट्यादुकट्या जिवाणूचे काम नसते. प्राणवायूविरहित टाकीत काही जिवाणू भित्तिका व प्रथिने फोडतात, दुसरे त्यांपासून सेंद्रिय आम्ले आणि पुढे ॲसिटिक आम्ल तयार करतात. अखेरीस 'आर्किया' गटातील सूक्ष्मजीव मिथेन निर्माण करतात. हा वायू बॉयलरमध्ये जाळता येतो. या साखळीत भित्तिका फोडण्याचा पहिला टप्पाच बहुधा सर्वांत संथ असतो. उलट, एकदम जास्त भार टाकल्यास आम्ले साचतात आणि मिथेननिर्मिती खुंटते.

मळीपासून एक लिटर मद्यार्क बनवताना साधारणतः ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. त्याची रासायनिक प्राणवायू मागणी लिटरमागे सुमारे एक लाख मिलिग्रॅम असते. शहरी मैलापाण्यात ती काहीशेच असते. म्हणूनच शक्य तेवढे यीस्ट आधीच वेगळे काढणे शहाणपणाचे. प्रथिनयुक्त असल्याने ते पशुखाद्यात उपयोगी पडते. उरलेल्याचा समाचार सूक्ष्मजीव घेतात. पण त्यांना पुरेसा वेळ आणि स्थिर आम्लता देणे ही कारखान्याची जबाबदारी आहे.