अकरा वाजून दहा मिनिटं
(विस्मरणाच्या वाटेवर : लेखांक ४)

कोरा कागद, पेन्सिल आणि एक साधी सूचना. घड्याळ काढा, आकडे भरा आणि काट्यांनी अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत ही चाचणी जगभर वापरतात. वेळ अकरा-दहाचीच का, तर मिनिटकाटा न्यायचा असतो दोनवर, पण डोक्यात घुमत असतो 'दहा'. निरोगी मेंदू तो मोह आवरतो. ज्याचा लगाम सैल पडत चालला आहे, तो काटा थेट दहावर नेऊन टेकवतो. कुणी बाराही आकडे अर्ध्याच वर्तुळात कोंबतो. उभा जन्म दुकानाचा हिशेब लिहिलेल्या वडिलांचं असं घड्याळ पाहिल्यावर शेजारी बसलेली मुलगी काही क्षण बोलत नाही. तोवर घरात "बाबांचं आता वय झालं" एवढंच निदान चाललेलं असतं. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीनं किती जणांचा दवाखाना लांबवला असेल, कोण जाणे!

अर्थात, घड्याळ चुकलं म्हणजे आजार ठरला असं नव्हे. आयुष्यात कधी पेन्सिल न धरलेल्या आजीबाईंपुढे हा कागद ठेवणं हा अन्यायच आहे. म्हणूनच १९९०च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढ भागात, निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी प्रचलित ३० गुणांच्या चाचणीची वेगळी हिंदी आवृत्ती तयार झाली. शिवाय डॉक्टर सोबतच्या माणसाला खोदून विचारतात. भाजीचे सुटे पैसे नीट मोजून घेतात का? नेहमीच्या आमटीत मीठ दोनदा पडतं का? ओळखीच्या गल्लीत वाट चुकली का? आणि हे सगळं केव्हापासून?

उत्तरं मिळाली तरी काम अर्धंच होतं, कारण स्मृतिभ्रंश हे एका आजाराचं नाव नाही. कावीळ विषाणूनंही होते आणि पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यानंही. डोळे दोन्हीकडे पिवळेच, उपचार मात्र निराळे. इथेही तसंच आहे.

सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा, साधारण ६० ते ७० टक्के. यात लग्नातल्या पंगतीचा बेत आठवतो, पण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून येणारा प्रकार बरेचदा पायरीपायरीनं उतरतो. पाठीमागे रक्तदाब, मधुमेह किंवा पक्षाघाताचे छोटे झटके असतात. कपाळामागचा भाग आधी झिजला, तर स्मरणशक्ती बरी राहते आणि स्वभाव बदलतो. अभिनेता ब्रूस विलिसला याच गटातला आजार असल्याचं त्याच्या कुटुंबानं २०२३ मध्ये जाहीर केलं.

घात करतो तो ल्युई बॉडीचा प्रकार. आजोबांना कोपऱ्यात लहान मुलं बसलेली दिसतात, अगदी फ्रॉकच्या रंगासकट. एक दिवस ते तल्लख असतात, दुसऱ्या दिवशी पार हरवलेले. चालही आखडते. घरच्यांना वाटतं वेड लागलं, आणि भास थांबावेत म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध सुरू होतं. या रुग्णांना ते भयंकर बाधू शकतं: अंग लाकडासारखं ताठतं, शुद्ध हरपते, क्वचित जिवावरही बेततं. नेमका प्रकार ओळखण्याचा आग्रह धरायचा तो यासाठी.

काहींच्या बाबतीत गोष्ट सुटण्यासारखी असते. बी-१२ची कमतरता, मंदावलेलं थायरॉइड, नैराश्य, न्हाणीघरात घसरल्यावर कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त, ही सगळी स्मृतिभ्रंशाचं सोंग घेऊ शकतात. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा स्कॅन. अनुभवी डॉक्टर आणखी एक गोष्ट मागतात, घरातली औषधांची पिशवी. झोपेच्या, जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या किंवा लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या गोळ्याही म्हाताऱ्या मेंदूत धुकं उभं करतात. ती पिशवी टेबलावर उपडी केली, की कधी कधी निम्मा उलगडा तिथेच होतो.

अल्झायमरचं निदान झालंच, तर हाताशी काय आहे? डोनेपेझिल आणि रिव्हास्टिग्मिन पेशींमधल्या निरोपांना थोडं बळ देतात. आजार माघारी फिरवत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब मेंदूत साचलेलं अमायलॉइड उपसतं. चाचणीत दीड वर्षात त्यानं घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. पण ते केवळ सुरुवातीच्या टप्प्यासाठी, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, हे पाहायला पुन्हापुन्हा एमआरआय करावे लागतात. बातम्यांमधला 'चमत्कार' हा शब्द इथे फारच मोठा आहे.

भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेकांची देखभाल इंजेक्शन नव्हे, घरातली एखादी सून, मुलगी किंवा बायको करते. दिवेलागणीला, स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणणाऱ्या माणसाला तिनं काय उत्तर द्यावं, ते पुढच्या लेखांकात.