मज्जा आणि मज्जारज्जू

बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, प्रत्यारोपणाची भीती मराठी घरांत निम्मी तरी शब्दातूनच येते, असं मला वाटतं. ‘मज्जा’ म्हटलं की ‘मज्जारज्जू’ आठवतो आणि कण्याला सुई टोचणार, देणारा लुळा पडणार, अशी समजूत होऊन बसते. मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातला चेतातंतूंचा दोर. अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतला, रक्त तयार करणारा मऊ गर. ती भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात आणि काही आठवड्यांत भरून येते. अनेकदा तेवढंही लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूळपेशी रक्तात उतरवतात; मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, पेशी बाजूला निघतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. रुग्णाचंही ‘ऑपरेशन’ नसतं. रक्ताच्या बाटलीसारखी पिशवी स्टँडला लटकते, थेंब थेंब शिरेत उतरतात आणि पेशी आपलं हाड आपणच शोधतात.

बडोद्यात हे समजणं फार गरजेचं आहे. २०१३पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि वारसियात वस्ती असलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण जास्त आहे. दोन्ही आजार रक्ताचे आणि आनुवंशिक; दोन्हींत उत्तम दाता म्हणजे जुळणारं सख्खं भावंड, आणि प्रत्येक भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. रक्तगट जुळलाच पाहिजे असं नाही. जुळावे लागतात ते पेशींवरचे एचएलए घटक. एक मूल आजारी असताना दुसऱ्याला कशाला धोक्यात घालायचं, हा आईवडिलांचा प्रश्न रास्तच आहे. पण दात्याला सहसा सोसावी लागते ती काही दिवसांची कंबरदुखी आणि भुलीचा अल्प धोका. उलट थॅलेसेमियात वारंवार रक्त द्यावं लागतं, त्या रक्तातलं लोह यकृतात साठत जातं आणि उशिराने केलेल्या प्रत्यारोपणाचं यश घटतं.

खरा धोका रुग्णाला असतो, आणि तो लपवू नये. प्रत्यारोपणाआधीची तीव्र केमोथेरपी, जंतुसंसर्ग, दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला, यांत जीवही जाऊ शकतो. म्हणून सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला हा उपाय सांगत नाहीत. अनेकांचं हायड्रॉक्सियुरिया या औषधावर बरं चालतं. पण हा काही कालपरवाचा प्रयोगही नव्हे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला भावंडाची मज्जा दिली गेली होती. खर्च लाखांत जातो. थॅलेसेमियासाठी कोल इंडियाची बाल सेवा योजना २०१७पासून १० लाखांपर्यंत मदत देते.

आणखी एक गैरसमज यशानंतरचा. रक्त बदलतं, बीजपेशी बदलत नाहीत. त्यामुळे आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो; म्हणून बऱ्या झालेल्या मुलामुलींनीही लग्नाआधी जोडीदाराची रक्ततपासणी करून घेतलीच पाहिजे.