घाम कळला, मन कळले का?

बँक, परीक्षेचा अर्ज, रेल्वेचे तिकीट... हल्ली कुठल्याही कामात संगणकाशी गाठ पडते. काम अडले की आपण वैतागतो. हा वैताग मोजता येतो का? अमेरिकेतील एमआयटीच्या प्राध्यापिका रोझलिंड पिकार्ड यांचे १९९७ सालचे ‘अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग’ हे पुस्तक या विषयातले पायाभूत मानले जाते.

एक मार्ग शरीराचा. मनावर ताण आला की तळहाताला किंचित घाम येतो आणि ओलसर त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. बोटांना इलेक्ट्रोड लावून हा फरक मोजतात. त्यातून भावनेचा जोर कळतो, तिचे नाव मात्र कळत नाही. संगणकावर निकाल पाहताना माझ्या विद्यार्थ्यांचे हात आनंदानेही ओले होतात आणि भीतीनेही!

दुसरा मार्ग चेहऱ्याचा. पण कपाळाला आठी पडली म्हणजे राग आलाच, असे नाही; विचारात गढलेल्या माणसालाही आठी पडते. लिसा फेल्डमन बॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली उपलब्ध संशोधन तपासून हाच इशारा दिला. युरोपीय संघात तर फेब्रुवारी २०२५ पासून शाळा-कॉलेजांत आणि कामाच्या ठिकाणी यंत्राने भावना ओळखण्यास बंदी आहे. अपवाद फक्त वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांचा.

तिसरा मार्ग सरळ विचारण्याचा. पण कोणत्या भाषेत? आपल्या घरांतला ‘बेजार’ हाच शब्द घ्या. मराठीत बेजार म्हणजे त्रासून गेलेला. कन्नडमधल्या ‘बेजारु’त कंटाळा येतो, मन खट्टू होणेही येते. आई एका अर्थाने बोलते, सून दुसऱ्या अर्थाने ऐकते. मग आकडे कसे जुळावेत?

यावर मानसशास्त्रज्ञ पीटर लँग यांनी चित्रांचा तोडगा काढला. बाहुल्यांच्या तीन ओळी: पहिलीत हसऱ्यापासून उदासापर्यंत चेहरे, दुसरीत खळबळीपासून शांततेपर्यंत, तिसरीत लहान-मोठी होत जाणारी बाहुली, म्हणजे परिस्थिती आपल्या कितपत ताब्यात आहे याची खूण. आपल्याला लागू पडेल त्या बाहुलीवर फुली मारायची. शब्दांवाचून काम भागते.

मला ही तिसरी ओळ फार मोलाची वाटते. एटीएमसमोर आजोबा चिडलेले नसतात, घाबरलेलेही नसतात. यंत्रापुढे त्यांना आपण लहान झाल्यासारखे वाटते. कॅमेऱ्याला ते दिसणार नाही. परीक्षेला बसलेला मुलगा घामाघूम झाला म्हणून तो कॉपी करतो, असा निष्कर्ष उद्या एखाद्या यंत्राने काढला, तर त्याची बाजू कोण मांडणार? यंत्राने जोर खुशाल मोजावा. भावनेला नाव मात्र ज्याची त्यानेच द्यावे.