तिसरा गिअर सुटतो तेव्हा

सकाळी सहा

आई उठण्याआधीच मी खाली आले. हैदराबादेत काचीगुड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यालगत बाबांची प्रीमिअर पद्मिनी उभी असते. १९८६ सालची गाडी, म्हणजे यंदा चाळीस वर्षांची. बाबांनी ती १९९१ मध्ये जुनीच विकत घेतली आणि गेल्या पावसाळ्यात ते जाईपर्यंत दुसरी गाडी घरात आली नाही. आता ती माझ्या नावावर आहे. मालक वारल्यावर तीस दिवसांत कळवावं लागतं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून अर्ज द्यावा लागतो. ते सगळं पार पडलं. उरला आहे तो गिअरबॉक्स.

महिन्याभरापासून तिसरा गिअर आपोआप सुटतो, दुसरा टाकताना करकरतो. आज रजा घेतली आहे, निकाल लावायचाच. रात्री वहीत लिहून ठेवलं : गिअरबॉक्सवर पंचवीस हजारांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. गॅरेजात उभं राहून ठरवलेला आकडा वाढत जातो, म्हणून तो घरीच ठरवला.

साडेसहा

रस्ते मोकळे आहेत तोवर तपासणी. गाडी जागेवर सुरू ठेवली, न्यूट्रलमध्ये. क्लचवर पाय नसताना घूंऽऽ असा बारीक आवाज येतो. क्लच दाबला की आवाज थांबतो. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरायचा थांबतो, तेव्हा संशय त्या शाफ्टच्या बेअरिंगवर.

मग नौबत पहाडाचा उतार. तिसऱ्यात उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि खट्‌कन दांडी न्यूट्रलला आली. इंजिनाने धरून ठेवलेली गाडी एकदम मोकळी सुटली. ब्रेक लागले, पण छातीत धस्स झालं. ही गाडी अशीच चालवत राहणं हा पर्यायच नाही, एवढं सात वाजायच्या आत नक्की झालं.

आठ

पुण्याहून भावाचा फोन. "ताई, भावनेच्या भरात पैसे घालू नकोस. एअरबॅग नाही, नवे सुटे भाग नाहीत. भंगारात दे, प्रमाणपत्र घे आणि नवी घे."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली की जे प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या वाहन करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. शिवाय ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क पाच हजारांवरून दहा हजार झालं आहे, आणि आमचं नूतनीकरण याच वर्षी आहे.

चहा देताना आई एवढंच म्हणाली, "त्या उंच गाड्यांत मला चढवत नाही गं, आणि खोलगट गाडीतून उठवत नाही." आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. पद्मिनीची पुढची सीट तिला खुर्चीसारखी बेताची पडते. हे कारण मी वहीत लिहून घेतलं. आठवणींपेक्षा ते भक्कम आहे.

साडेनऊ

चादरघाटचा पूल ओलांडून मलकपेट. तिसरा गिअर न वापरता, दुसऱ्यात रखडत. बाबांची गाडी पंचवीस वर्षं पाहणाऱ्या उस्तादांची शेड एका गल्लीच्या टोकाला आहे. आवाजावरूनच त्यांनी मान वर केली. "मास्टरसाब की गाडी है. हल्लू लाओ, बेटी."

मी धडाधड सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, ठेवू की काढून टाकू? ते म्हणाले, "पयले खोलके देखते. बाद में बोलते."

आधी त्यांनी गिअरबॉक्सला हातच लावला नाही. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर; तिथून सळ्या आणि सांधे खाली जातात. सांध्यांतले बुश झिजले की दांडी हलते, गिअर पुरता बसत नाही, आणि दोष मात्र गिअरबॉक्सच्या माथी जातो. दोन बुश बदलले, सळीची लांबी जुळवली. एका फेरीत दुसरा गिअर बराच सुधारला. तिसरा सुटायचा तो सुटलाच. खर्च झाला शेकड्यांत, आणि निम्मी तक्रार गिअरबॉक्सच्या बाहेरची होती हे कळलं.

अकरा

ऑइल काढलं. उस्तादांनी ते पांढऱ्या फडक्यातून गाळलं आणि फडकं उन्हात धरलं. सोनेरी चुरा चमकला. मग लोहचुंबक फिरवलं. त्याला अगदी थोडी काळी भुकटी लागली, कपची एकही नाही. पोलादाची कपची निघाली असती तर दाते तुटले असं समजायचं. सोनेरी चुरा पितळेचा, म्हणजे सिंक्रो रिंगचा. ही रिंग म्हणजे पितळेचं कडं. गिअर अडकण्याआधी ती दोन फिरत्या भागांचा वेग एक करते. पहिल्या गिअरला ती नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, हे बाबांनी मला अठराव्या वर्षीच शिकवलं होतं.

पितळ इतकं का झिजलं? उत्तर बाबांच्या वहीत सापडलं. प्रत्येक ऑइलबदल त्यांनी तारखेसह लिहिलेला आहे. २०१९ मध्ये ते दुसऱ्या कुठल्या गॅरेजात गेले होते आणि तिथे जीएल-५ दर्जाचं ऑइल भरलं गेलं. त्यातली गंधकयुक्त रसायनं पोलादी दात्यांना जपतात, पण पितळेला बाधू शकतात. अशा जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ हवं. बाबांनी गाडीबरोबर ही वहीही मागे ठेवली, तिचं मोल मला आज कळलं.

साडेबारा

प्रोपेलर शाफ्ट सुटला, स्पीडोमीटरची केबल निघाली, गिअरबॉक्स जॅकवर खाली आला. रॉकेलने धुऊन लाकडी फळीवर उघडला. उस्ताद एकेक चक्र बोटाने फिरवत होते, नखाने दात्यांची धार तपासत होते. "दांतां अच्छे हैं." मग सिंक्रो रिंग शंकूवर दाबून मागच्या फटीत फीलर गेज घातला, फट जवळजवळ संपलेली. पुढच्या बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे. आणि तिसऱ्या गिअरला जागेवर धरणारी बारीक गोळी आणि स्प्रिंग, ती स्प्रिंग पार मऊ पडलेली. एवढ्याशा स्प्रिंगने मला सकाळी उतारावर घाबरवलं होतं.

दोन

राणीगंज. सिकंदराबादच्या या बाजारात सुट्या भागांची दुकानं रांगेने आहेत. बेअरिंग पहिल्याच दुकानात मिळालं, कारण बेअरिंग कुठल्या एका गाडीचं नसतं. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो आणि त्या क्रमांकाचं बेअरिंग आजही बनतं. सीलचंही तसंच. रिंगा मात्र खास या गाडीच्या.

ही गाडी आपल्याकडची आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७४ मध्ये तीच पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सींनी तिच्या सुट्या भागांचा बाजार जगवला. त्यातली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता दुकानात आहे तो उरलेला माल.

चौथ्या दुकानदाराने भंगारातल्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स पुढे केला. किंमत दुरुस्तीच्या निम्मी. मोह झाला. पण तोही तितकाच जुना, आणि त्याच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नाही. आमच्या गिअरबॉक्सचे दाते मी डोळ्यांनी पाहिले होते. सहाव्या दुकानात, तेलकट कागदात गुंडाळलेला रिंगांचा संच निघाला. मी दोन संच घेतले, कारण पुढच्या वेळी तो मिळेलच असं नाही.

पाच

शेडमध्ये हिशेब मांडला. बेअरिंग, रिंगांचे दोन संच, सील, स्प्रिंग, ऑइल आणि तीन दिवसांची मजुरी मिळून १९,४०० रुपये. क्लच प्लेट पाहिली, अजून चालेल. सकाळच्या मर्यादेत बसलं. नूतनीकरणाचे दहा हजार आणि जुन्या गाडीवरचा हरित कर वेगळ्या पानावर लिहिले, म्हणजे मन स्वतःला फसवणार नाही.

मग विक्रीची किंमत बाजूला ठेवून एकच प्रश्न लिहिला : गाडी किती चालणार? आठवड्यातून दोनदा आईला डॉक्टरकडे आणि देवळात, महिन्यातून एकदा ग्रंथालयात. सगळं शहरातलं, कमी वेगाचं. हमरस्त्यावर ही गाडी न्यायची नाही. तिथे भावाचं एअरबॅगचं म्हणणं खरं आहे आणि ते मी मान्य केलं. उस्तादांना दोन गोष्टी आणखी करायला सांगितल्या : ब्रेक पूर्ण तपासायचे, सीटबेल्ट नवे बसवायचे.

गाडी चालणार नसती, नुसती बाबांची म्हणून जिन्यालगत झाकून ठेवायची असती, तर मी आज ती भंगारात दिली असती. उभ्या गाडीचे रबर आणि सील वाळतात, लोखंड गंजतं, आणि शेवटी आपण जपतो तो सांगाडाच.

साडेसात

ऑटोने घरी आले. आईला सांगितलं, शनिवारी गाडी येते. भावालाही फोन केला, आकडे ऐकून तो म्हणाला, "मग ठीक आहे."

ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची जुनी गाडी अशी अडून उभी आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच : मर्यादा घरी ठरवा, आधी बाहेरचे सांधे तपासून घ्या, आणि गिअरबॉक्स उघडून आतलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नका. दाते शाबूत असतील आणि गाडी खरोखर चालवणार असाल, तर दुरुस्त करा.