जर्सीवरच्या नक्षीपलीकडचे डग निकोल्स

मे महिना आला की ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे संघ आदिवासी कलाकारांची नक्षी असलेल्या जर्सी घालून उतरतात; मेलबर्नचा संघ ‘नार्म’ होतो, फ्रीमँटलचा ‘वाल्यालप’. यंदाच्या ‘सर डग निकोल्स फेरी’चे फोटोही सगळ्यांनी पाहिले. ज्यांच्या नावाने हा सोहळा होतो, त्यांच्या वाट्याला काय आलं होतं, हे मात्र फोटोंत दिसत नाही.

निकोल्स यांचा जन्म १९०६चा, मरे नदीकाठच्या कमेरागंजा या आदिवासी वसाहतीतला. थोरल्या बहिणीला पोलिसांनी त्यांच्या डोळ्यांदेखत उचलून नेलं. तेराव्या वर्षी ते मेंढपाळीच्या मळ्यांवर कामाला लागले. लोकर कातरताना मेंढीला जखम झाली की तिच्यावर डांबर लावायचं, हे पोराचं काम. जवळच्या टोंगाला गावाच्या संघात ते फुटबॉल खेळू लागले. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण वेग असा की धावण्याच्या मोठ्या शर्यतीही त्यांनी मारल्या.

१९२७ साली ते मेलबर्नच्या कार्लटन क्लबात दाखल झाले. तिथल्या खेळाडूंनी ‘याच्या अंगाला वास येतो’ अशी कुरकुर केली, मालिश करणाऱ्यांनी त्यांच्या अंगाला हात लावायला नकार दिला. विसाव्या वर्षी हा अपमान गिळून ते नॉर्थकोटकडे गेले आणि १९२९च्या विजेत्या संघात खेळले. १९३२ साली ते फिट्झरॉयमध्ये आले, तेव्हाही ड्रेसिंग रूममध्ये एकटेच बसत. त्यांना आपल्यात ओढून घेतलं ते हेडन बंटन यांनी. बंटनही ऑल्बरीकडचे, म्हणजे गावाकडूनच आलेले. शिवाय सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक पटकावलेले. संघातला सर्वांत मोठा माणूस ज्याच्याशी दोस्ती करतो, त्याला बाजूला टाकायची हिंमत कोण करणार? १९३५ साली निकोल्स व्हिक्टोरियाकडून खेळणारे पहिले आदिवासी ठरले.

पुढे ते धर्मोपदेशक झाले, आदिवासींविषयीच्या १९६७च्या सार्वमतासाठी राबले, १९७२ साली ‘सर’ झाले, १९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. एवढी उंची गाठलेल्या माणसाचं नाव फेरीला मिळालं ते २०१६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी काय घडलं होतं? दोन ब्राउनलो पदकं जिंकणारे आदिवासी खेळाडू ॲडम गुड्स प्रेक्षकांच्या सततच्या हुर्योला कंटाळून निवृत्त झाले होते. लीगने त्यांची जाहीर माफी मागायला २०१९ उजाडलं.

म्हणूनच मला वाटतं, या फेरीचं यश जर्सी किती खपल्या यावर मोजू नये. नक्षी सुंदर आहे, ती हवीच. पण कार्लटनमध्ये निकोल्स यांच्या बाजूने बोलणारा एक जण असता, तर त्यांची पाच वर्षं वाचली असती. स्टँडमधून शिवी ऐकू आली की शेजारच्या प्रेक्षकाने तिथल्या तिथे अडवावं, क्लबने आपल्या खेळाडूची बाजू त्याच दिवशी घ्यावी. बंटन यांनी तेच केलं होतं, आणि त्यासाठी त्यांना कुठल्या फेरीची वाट पाहावी लागली नव्हती.