कॅमेऱ्यासमोर अवघडलेला ‘मी’

मंडळी, घरात मोकळेपणाने गाणारी, बोलणारी माणसं मोबाईलचा कॅमेरा सुरू झाला की ताठ का होतात? आवाज बदलतो, हातांचं काय करायचं ते कळेनासं होतं. आपण म्हणतो, लाज वाटते. पण कुणाची? समोर तर काचेचं भिंग आहे.

सार्त्रच्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या १९४३ सालच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. एक माणूस किल्लीच्या भोकातून आत डोकावतोय. पाहण्यात इतका गुंतलाय की ‘मी डोकावतोय’ हेही त्याच्या मनात नाही. तेवढ्यात मागे पावलं वाजतात. त्या क्षणी तो स्वतःलाच दिसू लागतो, दाराशी वाकलेला, चोरून बघणारा. आता गंमत बघा. पावलांचा नुसता भास होता असं कळलं, तरी अस्वस्थता जात नाही. कॅमेरा म्हणजे ही न थांबणारी पावलं.

रंगमंचावरच्या नटाला निदान प्रेक्षक असतात. ते हसतात, खोकतात, चुळबुळतात. नट त्यावरून अंदाज घेतो. चित्रपटातल्या नटाला ही सोय नाही, तो यंत्रापुढे काम करतो, हे वाल्टर बेन्यामिनने १९३०च्या दशकातच लिहून ठेवलंय. मग प्रेक्षकाची रिकामी खुर्ची कोण भरतो? आपणच. अर्धा ‘मी’ बोलतो आणि अर्धा समोर बसून गुण देतो. इथे सगळा घोटाळा आहे.

‘कॅमेरा विसरा’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशातली ती गत.

स्तानिस्लाव्हस्कीचं ‘ॲन ॲक्टर प्रिपेअर्स’ १९३६ साली इंग्रजीत आलं. त्यात कोस्त्या नावाचा नवशिका विद्यार्थी पहिल्यांदाच मोठ्या रंगमंचावर उभा राहतो. समोर प्रेक्षागृहाचं काळं भगदाड. पोरगं गांगरून जातं. इतक्यात जवळच एका कामगाराचे खिळे सांडतात. कोस्त्या ते वेचू लागतो, आणि एकदम घरच्यासारखं वाटतं! खिळे संपले, की दडपण परत. तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाला हेवा वाटावा असं हे उदाहरण आहे. भगदाड तेवढंच होतं, आत्मविश्वासही काही वाढला नव्हता. लक्षाला फक्त काम मिळालं होतं.

तेव्हा आपले खिळे कोणते, ते शोधायचं. गाणाऱ्याला तंबोऱ्याचा षड्ज आहे. पाककृती दाखवणाऱ्या बाईंना फोडणी करपू द्यायची नसते, त्यांचं निभावतं. पंचाईत होते ती नुसतं बोलणाऱ्यांची. त्यांनी कॅमेऱ्याशेजारी एक खरा माणूस बसवावा, शक्यतो विषय माहीत नसलेला, आणि त्याला समजतंय का, यातच जीव घालावा. झूमवर स्वतःची चौकट लपवता येते, ती लपवा. न्हाव्याच्या आरशात बघत कुणी व्याख्यान देतं का?

अर्थात, ‘बघा मी किती सहज बोलतो’ हाही एक आव होऊ शकतो, आणि तो लवकर कळत नाही. रॉबेर ब्रेसाँ हा फ्रेंच दिग्दर्शक अभिनय न शिकलेल्या माणसांकडून एकच कृती पुन्हा पुन्हा करून घ्यायचा, तिच्यातला अभिनय गळून पडेपर्यंत. आपल्याला तेवढी सवड नसते. पण पहिलं चित्रण झालं की ते न पाहता लगेच दुसरं करावं, मग तिसरं. मध्येच पाहिलंत तर तो गुण देणारा गृहस्थ पुन्हा खुर्चीत येऊन बसतो.

हं, आता प्रश्न घेऊ या.